फाळक्यावर तयार होणारा हार

सेवाग्रामला किंवा पवनारला पाहुणा आला की त्याच्या गळ्यात सुताची गुंडी घालतात. पांढरी, बिनवासाची, हाताला वजन लागू न देणारी. वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. शाळेतल्या कार्यक्रमापासून संस्थेच्या वर्धापनदिनापर्यंत त्याने सूतमाळच पाहिलेली असते. पण आपल्याकडे देवापासून नवरदेवापर्यंत कुणाचंच फुलांवाचून चालत नाही. अशा मुलखात एका जिल्ह्यात पाहुण्याच्या गळ्यात फुलांच्या जागी सूत कसं आलं, हे मुळापासून पाहण्यासारखं आहे.

आधी फुलबाजाराकडे जाऊ, कारण सूतमाळेचा जन्म त्या बाजाराशी झालेल्या वादातून आहे. वर्ध्याच्या माणसाला मोठा फुलबाजार पाहायचा तर पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात, सीताबर्डीच्या नेताजी फूल मार्केटमध्ये जावं लागतं. त्याहून मोठा पाहायचा तर मुंबईला, दादर स्टेशनच्या पश्चिमेला. उजाडायच्या आत तिथे झेंडूच्या गोण्या उतरलेल्या असतात. शेवंती, निशिगंध, लिली, मोगरा, गुलाबाच्या जुड्या. ओल्या गोणपाटाचा आणि देठांचा एकत्र वास. हार करणारे आपापल्या जागी बसून सुई चालवत असतात आणि बोलता बोलता हार वीतभर वाढलेला असतो. मला हे बाजार मनापासून आवडतात. किती घरं त्यावर चालतात, किती शेतकरी दसऱ्या-दिवाळीच्या झेंडूवर वर्षाची तोंडमिळवणी करतात, हेही ठाऊक आहे. पण या बाजाराचा मूळ नियम कडक आहे. तिथे पैसे पडतात ते ताजेपणाचे. पहाटेचा भाव सकाळी दहाला राहत नाही आणि कालच्या मालाकडे कुणी पाहत नाही. ओवलेला हार गळ्यात पडतो, फोटो निघतो, आणि संध्याकाळी त्याचं निर्माल्य होतं.

गांधींना खटकलं ते हेच. ते गावोगाव फिरत तेव्हा प्रत्येक ठिकाणी हारांचा ढीग साचे. रुपयाचे तेव्हा सोळा आणे होत आणि दिवसभर चरखा चालवणाऱ्या बाईच्या हाती आणा-दीड आणा पडायचा. तो हिशेब डोळ्यांपुढे असणाऱ्या माणसाला फुलांच्या हारावर गेलेला एक रुपया म्हणजे कुणाच्या तरी दहा-पंधरा दिवसांची मजुरी दिसत होती. हार घालायचाच असेल तर हातसुताचा घाला, असं ते सभांतून सांगू लागले. फुलांचा हार आलाच तर त्याचाही पैसा करायची त्यांची रीत होती. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी त्यांनी हरिजन यात्रा सुरू केली ती वर्ध्यातून, आणि त्याच दिवशी जवळच्या सेलूला दलितांसाठी एक मंदिर खुलं केलं. पुढे नऊ महिने देशभर चाललेल्या त्या यात्रेत भेटी, मानपत्रं ठेवायच्या पेट्या आणि गळ्यातले हारसुद्धा व्यासपीठावरच लिलावात निघत. गळ्यात पडलेलं काहीतरी कुणाच्या तरी कामी यावं, ही त्यामागची तळमळ. सुताच्या हाराला त्यासाठी लिलावाची गरज नव्हती. तो विणकराकडे गेला की झालं.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला खरी कुतूहलाची वाटते ती पुढची बाब. सुताचा हार कुणी मुद्दाम घडवला नाही. तो सुताच्या मापातच होता.

चरख्यावर कातलेलं सूत चातीवर, म्हणजे चरख्याच्या फिरत्या सळईवर जमतं. चातीवरून ते फाळक्यावर उतरवतात. फाळका म्हणजे सूत गुंडाळायचं लाकडी साधन, ज्याचा एक वेढा चार फुटांचा. एका वेढ्याला एक तार म्हणतात. १६० तार झाले की त्यांना आडव्या दोऱ्याने बांधून वेगळं करायचं. ती एक लटी. अशा चार लट्या, म्हणजे ६४० तार, की एक गुंडी. एकूण लांबी २,५६० फूट, पाऊण किलोमीटरहून थोडी जास्तच. गिरणीच्या सुताची लड ८४० वारांची असे आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. ६४० तारांची गुंडी भरते ८५३ वार, म्हणजे जवळपास तेवढीच. त्यामुळे खेड्यातल्या बाईने कातलेल्या सुताचा नंबरही गुंडीच्या वजनावरून तिथल्या तिथे सांगता येई. वीस नंबरच्या सुताची गुंडी साधारण तेवीस ग्रॅम भरते. आता मेट्रिक मापात हजार मीटरची गुंडी धरतात. पीळ, बांधणी सगळं तसंच आहे.

आता ही गुंडी फाळक्यावरून काढून हातात घ्या. ठेवताना तिला पीळ देऊन वेणीसारखी दुमडलेली असते. पीळ सोडला की चार फुटांचा मोकळा वेढा हाती येतो. तो डोक्यावरून गळ्यात घातला की दोन फूट खाली, छातीच्या जरा खालपर्यंत येतो. हाराची लांबी नेमकी हीच. शिवण नाही, गाठ नाही, सुई नाही. सूत मोजायला केलेलं साधनच हार तयार करून देतं. शिवाय लट्या नीट बांधलेल्या असल्या तर तो गळ्यातून काढून पुन्हा पीळ देऊन ठेवता येतो, एक तारही गुंतत नाही. बांधणीत हयगय केली तर मात्र सगळं सूत वाया जातं. म्हणून लटी बांधायला सुरुवातीपासून काटेकोर शिकवत.

त्यामुळे ज्याच्या गळ्यात गुंडी पडे त्याला तिच्यामागे किती मेहनत आहे हे मोजून कळायचं. सराईत हाताला चरख्यावर एक गुंडी कातायला दोन-अडीच तास लागतात, टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, त्याहून बरेच जास्त. फुलांच्या हारामागेही श्रम असतातच, पण ते असे मोजून गळ्यात पडत नाहीत.

सूत हे माप म्हणून आधीच रुजलेलं होतं, ही यातली दुसरी बाजू. १९२४च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसमध्ये, गांधी अध्यक्ष असताना, सभासदाने महिन्याला २,००० वार सूत द्यावं असं ठरलं. ते पुष्कळांना झेपलं नाही. पुढच्याच वर्षी पाटण्याला हा नियम सैल झाला आणि वर्गणी चार आणे किंवा वर्षाला २,००० वार स्वतः कातलेलं सूत अशी झाली. त्याच वेळी अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. म्हणजे सूत वर्गणी म्हणून चालत होतं, तर ते मानाने गळ्यात घालायला अडचण कसली?

आणि एक जुनी ओळख होती, ती घराघरांतली. मराठी घरात पूजेला कापसाचं वस्त्र लागतं. बोटांना दूध लावून कापूस वळत वळत मण्यांसारखी माळ करायची, मधे मधे कुंकवाचे ठिपके द्यायचे आणि ती देवाला वाहायची. हरतालिका असो, गणपती असो, विदर्भातल्या महालक्ष्म्या असोत, ही वस्त्रमाळ हवीच. श्रावणी पौर्णिमेला नऊ पदरी सुताला गाठी मारून पोवती करतात, ती आधी देवाला आणि मग घरच्यांना. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळतात. गांधी गुजराती, त्यांच्या मनात यातलं काही असेल असं मी म्हणत नाही. पण सेलू-आर्वीच्या कुठल्या आजीला पाहुण्याच्या गळ्यात सूत पाहून परकं वाटलं नसणार. घरची पऱ्हाटी, घरची सरकी काढलेला कापूस, त्याची देवाला माळ. देवाला घालते तीच वस्तू आता पाहुण्याला घालायची, एवढाच फरक. वर्ध्यात ही रीत पाय रोवून उभी राहिली त्याला हा आधार मोठा होता असं मला वाटतं.

वर्ध्यात ती रुजायला माणसंही तशीच मिळाली. जमनालाल बजाज कापसाचे व्यापारी, आणि त्यांच्याच आग्रहाने विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आश्रम चालवायला आले. विनोबांनी कातण्याकडे शास्त्र म्हणून पाहिलं. कापसाचा पेळू कसा असावा, तार किती लांब ओढावा, डाव्या हाताने कातता येतं का, बसून किती आणि उभं राहून किती, याचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षं केले. नालवाडीला राहत असताना दिवसाचे आठ-नऊ तास कातून येईल तेवढ्याच मजुरीवर जगायचं, असा प्रयोगही त्यांनी केला. ती मजुरी पोट भरण्याइतकी नाही, हे त्यांना स्वतःच्या जेवणातून कळलं. कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी द्यावी हा आग्रह गांधींनी १९३५ साली चरखा संघापुढे धरला, त्या काळातली ही गोष्ट आहे. सूतमाळेबद्दल बोलताना हा भाग हटकून वगळला जातो, म्हणून मुद्दाम सांगितला. एका गुंडीची किंमत काय, हा वर्ध्यात भावनेचा विषय नव्हता, पोटाचा होता.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधी शेगावला राहायला गेले; पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथे रोजचा सूत्रयज्ञ, म्हणजे व्रत म्हणून कातण्याचा नेम, सुरू झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला आणि आशादेवी व आर्यनायकम् यांनी सेवाग्रामात नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिकवण्याची, शाळा चालवली. त्या शाळेत टकळी हेच पाटी-पुस्तक. चार लट्यांची गुंडी, तर अडीच गुंड्यांचे तार किती, हे गणित मुलांनी फळ्यावर पाहण्याआधी फाळक्यावर मोजलेलं असे. अशी पिढी जिल्ह्यात तयार झाली, की पाहुणा आला म्हणजे तिने कोपऱ्यातल्या टोपलीतून स्वतःची गुंडी काढून द्यावी यात वेगळं ते काय? हार आणायला बाजारात जायचीच गरज नव्हती. १९४५ साली चरखा संघाने खादीच्या किमतीचा काही भाग गिऱ्हाइकाने सुतात द्यावा असा नियम केला. खादी घालणाऱ्याने थोडं तरी कातावं हा त्यामागचा हेतू. त्या दिवसांत हातातली गुंडी एकाच वेळी हारही होती आणि नाणंही.

१२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाम नदीत विसर्जित झाला. त्या वेळी देशभर फुलं वाहिली गेली. पवनारला मात्र पुढे दर वर्षी त्या तारखेला सर्वोदय मेळा भरू लागला आणि विनोबांनी मागणी केली ती सूतांजलीची. प्रत्येकाने वर्षातून एक गुंडी, स्वतः कातलेली, आणून द्यायची. विकत घेतलेली चालणार नाही. एका माणसाची एकच. श्रीमंताने शंभर दिल्या म्हणून त्याचं वजन वाढू नये. तिला ते सर्वोदयाला दिलेलं मत म्हणत. हाराच्या या कुळकथेत मला हा टप्पा सर्वांत उंच वाटतो. माणसाच्या गळ्यातला मान इथे स्मृतीला गेला, आणि त्यातही अट एकच राहिली: सूत तुझ्या हातचं आहे का?

आज काय आहे? सेवाग्रामात चरखे आहेत, गोपुरीला ग्रामसेवा मंडळात खादीचं काम चालू आहे, वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जुन्या चरख्यांचे नमुने पाहायला मिळतात. सूतमाळही सगळीकडे आहे, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त दिसते. पण दुकानात जी मिळते तिच्यातल्या बऱ्याच माळा मूळच्या कुळातल्या नाहीत. गिरणीच्या सुताच्या, कुठे तिरंगी रंगवलेल्या, खाली गोंडा लावलेल्या, फोटोत भरगच्च दिसाव्यात म्हणून मधेच आवळलेल्या. त्यांचे तार मोजता येत नाहीत, त्या उलगडत नाहीत, विणकराला त्यांचा उपयोग नाही. कार्यक्रम संपला की त्या टेबलावर राहतात आणि झाडणाऱ्या बाईच्या पिशवीत जातात. म्हणजे ज्या कारणासाठी फुलांना नको म्हटलं, तेच सुताच्या वाट्याला आलं. त्यापेक्षा दादरच्या बाजारातला झेंडूचा हार बरा. निदान शेतकऱ्याच्या घरी चार पैसे जातात आणि मातीत त्याचं खत होतं. हे मी कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यासाठी पोटतिडकीने लिहितो आहे. ज्या वर्ध्याचा समावेश २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राच्या विशेष पॅकेजमध्ये करावा लागला, तिथे कापसाचा हार नुसता शोभेचा असून चालणार नाही.

उपाय अवघड नाही, कारण मूळ वस्तू अजून बनते. खादी संस्थेत जाऊन तयार माळ न मागता हातसुताची गुंडी मागायची. पीळ सोडून पाहायचा, लट्या बांधलेल्या आहेत ना याची खात्री करायची. कार्यक्रम झाल्यावर पाहुण्याला विचारून गुंड्या परत गोळा करायच्या, पीळ द्यायचा आणि विणकराकडे पोचवायच्या. वीस नंबरच्या सुताचं छत्तीस इंची साधं कापड असेल तर विणीप्रमाणे वाराला ६४० तारांच्या साडेतीन ते चार गुंड्या लागतात. सदऱ्याला अडीच वार कापड धरलं तर दहा हारांत एक सदरा निघतो.