शेळ्या राखणारी मुले आणि शेळीपालन मंडळे

मंडळी, भोकरदन तालुक्यात पूर्णेच्या काठी केदारखेडा हे गाव आहे. मुलूख कापसाचा, मक्याचा. अशा गावात कोणते जनावर कोणाच्या हाती असते ते पाहावे. बैल कर्त्या पुरुषाचा, म्हैस घरच्या बाईची, आणि शेरडं? ती पोराची नाहीतर म्हातारीची. ज्याच्याकडून दुसरे काही काम होण्यासारखे नाही त्याने शेरडं राखावीत, असा आपला जुना हिशेब. आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे ते एवढेच, की या हिशेबाने शेळीचेही नुकसान झाले आणि पोराचेही.

शेळी आपल्याकडे आजची नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत शेळ्यामेंढ्यांची हाडे सापडली. म्हणजे ज्वारी-बाजरीच्या घासाइतकीच शेळी आपली जुनी सोबतीण. पण इतिहासाच्या पुस्तकात घोडा येतो, हत्ती येतो. शेळी काही येत नाही.

तिची दखल घेणारे एक मोठे नाव मात्र आहे. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले. ज्यांच्यापाशी जमीन थोडी, ती माणसे पूर्वी रानच्या आधाराने दोन-चार शेळ्या बाळगून गावात तग धरीत. पुढे सरकारने राने आणि गायराने अडवली आणि या माणसांचा तो आधार गेला, असे त्यांचे म्हणणे. शेळी हा गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

पुढे गांधीजींमुळे शेळीच्या दुधाला थोडा मान मिळाला. गाई-म्हशीचे दूध घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरविले होते. मोठ्या दुखण्यानंतर १९१९ च्या सुमारास कस्तुरबांच्या सांगण्यावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले आणि ते शेवटपर्यंत चालू राहिले. आपण मात्र गांधीजींना नमस्कार केला आणि दूध म्हशीचेच प्यालो! शेळीच्या दुधाला वास येतो, ही आपली तक्रार. आता या वासाचे एक मोठे कारण म्हणजे शेजारी बांधलेला बोकड. बोकड दूर बांधावा, कास धुवावी, भांडे स्वच्छ ठेवावे, म्हणजे वास पुष्कळ कमी होतो. पण हे पोराला सांगणार कोण? त्याला कोणी शिकवलेच नाही. नुसते रानात धाडले.

दुसऱ्या देशांत हाच प्रश्न कसा सुटला, ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत ओहायो संस्थानात ए. बी. ग्रॅहम नावाचे एक शाळा-अधिकारी होते. जानेवारी १९०२ मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्ड गावच्या कचेरीच्या तळघरात खेड्यातली मुलेमुली जमवली. मुलांनी मका लावावा, भाजी लावावी, माती तपासावी आणि काय केले, काय झाले ते लिहून ठेवावे, असा तो उद्योग. त्या काळी शेतकी कॉलेजांचे नवे ज्ञान मोठी माणसे सहसा ऐकत नसत. मुलाच्या वाफ्यातले पीक डोळ्यांनी पाहिले, की बाप आपणहून विचारायला येई. अशा मंडळांतूनच पुढे तिकडची ‘फोर-एच’ चळवळ वाढली. मस्तक, हृदय, हात आणि आरोग्य या चारही शब्दांचे इंग्रजी पहिले अक्षर एकच, म्हणून ते नाव. १९१४ च्या कायद्याने तिला सरकारी शेतकी-विस्ताराचा आधार मिळाला. आज त्या मंडळांतून मुले दुभत्या शेळ्याही पाळतात. धार काढून दूध मोजतात, वहीत मांडतात आणि जत्रेत आपली शेळी परीक्षकापुढे उभी करतात.

इंग्लंडात १९२१ साली डेव्हन परगण्यातल्या हेमियॉक गावी मुलांचे वासरू-मंडळ निघाले. पुढाकार एका दूध कंपनीचा होता. कंपनीला दूध चांगले हवे होते. चांगले दूध हवे तर पुढच्या पिढीला जनावर सांभाळता आले पाहिजे, हे तिने जाणले. तिथल्या तरुण शेतकरी मंडळांची सुरुवात या मंडळापासून धरतात.

या दोन्ही ठिकाणी तीन गोष्टी समान दिसतात. मुलाच्या हाती स्वतःचे म्हणून काही तरी होते, त्याच्याजवळ वही होती, आणि चुकले तर सांगणारे जाणते माणूस होते. आपल्या शेरडामागच्या पोराजवळ यातले काय होते? एक काठी!

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह-विकास योजना सुरू झाली आणि तिच्यात युवक मंडळांनाही जागा होती. परंतु १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीला आढळले, की या योजनेने लोकांचा स्वतःचा पुढाकार जागा केला नाही. साहेबांची जीप आली की सभा भरायची, जीप गेली की सतरंजी गुंडाळायची, अशाने मंडळ कसे टिकावे?

याच काळात आपल्या रेडिओने मात्र एक चांगला धडा घालून दिला. १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग आपसांत चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या आणि ठरेल ते करून पाहायचे. ज्या गावांत अशी मंडळे होती तिथे शेतकऱ्यांची माहिती इतर गावांपेक्षा स्पष्टपणे वाढली, असे पॉल न्यूराथ यांच्या पाहणीत दिसले. नुसते ऐकून माणूस शिकत नाही. ऐकून, बोलून आणि करून शिकतो.

आता केदारखेड्यासारख्या गावात शेळीपालनाचे मंडळ काढायचे झाले, तर ते कसे असावे? शेळी आपली उस्मानाबादीच बरी. ती बहुधा काळी, काटक असते. दोन करडे देणे तिला नवे नाही. दूध दिवसाला अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत. गाभण काळ पाच महिन्यांचा, म्हणून नीट निगा राखली तर दोन वर्षांत तीन वेते मिळतात. गुरुजी, हे गणित वर्गात घालण्याजोगे आहे की नाही? वहीत तारीख, सकाळचे दूध, संध्याकाळचे दूध, करडाचे वजन, लस आणि जंताचे औषध, एवढे रकाने पुरेत.

या वहीचा खरा उपयोग पुढेच आहे. गावात होते काय, की जो बोकड चांगला वाढतो तोच आधी खाटकाला विकला जातो, आणि किरकोळ राहतो त्याच्यापासून पुढची पैदास होते. वर्षानुवर्षे आपण उलटी निवड करीत आलो. कोणत्या शेळीला दूध जास्त, कोणत्या करडाची वाढ चांगली, हे वहीत असले, तर त्या करडाला राखून ठेवता येईल, आणि शेजारच्या गावाशी बोकडाची अदलाबदल करून नात्यातली पैदासही टाळता येईल.

शेळी कोणाची, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे अर्धलीने शेळी पाळायची जुनी रीत आहे. मालकाची शेळी दुसऱ्याने वाढवायची आणि करडे निम्मी वाटून घ्यायची. हीच रीत मंडळाला लावावी. मंडळाने मुलाला किंवा मुलीला एक पाट द्यावी, पहिल्या वेतातली पाट मंडळाला परत घ्यावी आणि ती पुढच्या मुलाला द्यावी. जाणत्या माणसांची उणीव नाही. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्याला पशुवैद्य आहेत.

दोन इशारे मात्र दिले पाहिजेत. शेळीचे दूध उकळूनच प्यावे. माल्टा बेटावर ज्या तापाने सैनिक आजारी पडत, तो शेळीच्या कच्च्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लीस झमित यांनी १९०५ मध्ये शोधून काढले. दुसरा इशारा त्याहून मोठा. मंडळाच्या नावाखाली पोराची शाळा बुडता कामा नये. शाळेच्या वेळी चरायला नेणे हे मोठ्यांचे काम; मुलाकडे सकाळ-संध्याकाळची धार, चारा आणि वही एवढेच असावे. नाहीतर जुनी गुराखीगिरीच नव्या नावाने चालू राहील.

तेव्हा गुरुजी, सरकारी कागदाची वाट न पाहता आपल्या वर्गात ज्यांच्या घरी शेळी आहे अशी पाच मुले-मुली निवडा. त्यांना एकेक वही द्या आणि एक माप द्या. महिन्याने पाचही वह्या शेजारीशेजारी उघडून कोणाची शेळी का पुढे गेली, हे त्यांनाच सांगू द्या. घरची मोठी माणसेही ऐकायला बसतील.