फिलोमिना : एका नावाचा मागोवा

ठाणे-कल्याण परिसरातील जुन्या ख्रिस्ती घरांत आजीचे नाव फिलोमिना असे. बाप्तिस्म्याच्या वेळी आता ते क्वचितच कानी पडते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘प्रिय’. ‘प्रकाशकन्या’ हा अर्थ भाविकांनी लॅटिनवरून जोडलेला. गोड खरा, पण आधार नसलेला.

मे १८०२ मध्ये रोमच्या प्रिसिला भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. तिच्या तोंडावरील तीन फरशांचा क्रम बदलला की लाल अक्षरांत ‘तुला शांती असो, फिलुमेना’ असे वाचता येते. आत कोवळ्या मुलीच्या अस्थी होत्या. पुढे आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियान्नी यांच्या भक्तीमुळे हे नाव दूरवर पोहोचले.

१९६१ मध्ये रोमने तिचा सण दिनदर्शिकेतून वगळला. तिच्या चरित्राला ऐतिहासिक पुरावाच नव्हता. मग आमची आजी खोट्या नावाने जगली काय, असे नातवंडे विचारतात. सण वगळल्याने कोणाचा बाप्तिस्मा पुसला जात नाही. त्या फरशा दुसऱ्याच कबरीवरून आणलेल्या होत्या, असे काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात. तसे असले तरी, फिलुमेना नावाची कोणी स्त्री रोमच्या ख्रिस्ती जनांत होऊन गेली व तिच्या माणसांनी तिला शांती चिंतिली, एवढे त्या लाल अक्षरांवरून मानावेच लागते.