गिलावा व उष्णतारोधन, जुन्या दगड-मातीच्या घरांचे (पाबळ परिसर)

पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) आणि आसपासच्या गावांतील जुन्या घरांच्या भिंती भरीव असतात : दोन्ही अंगांना काळा दगड, मधल्या पोटात कपच्या व माती, जाडी दीड-दोन फूट. अशा घराची डागडुजी निघाली की आज बहुधा सिमेंटचा गिलावा होतो. तो या भिंतीला मानवत नाही. तिला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा, आणि घर गार ठेवण्यासाठीचा पैसा भिंतीआधी छपरावर घातला पाहिजे.

या भिंतीत ओल येणारच. जोत्याखालची ओल मातीतून वर चढते, पावसाळ्यात बाहेरून झिरपते, आणि चुन्या-मातीच्या सच्छिद्र थरातून उन्हाळ्यात सुकून जाते. सिमेंटचा कडक, घट्ट थर ही वाट अडवतो. भिंत ऊन-पावसाने किंचित हलली की त्याला बारीक तडे जातात. तड्यांतून पाणी आत शिरते, पण बाहेर पडत नाही. मग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा फुटतो. तिथे बोटाने ठोकल्यास गिलावा पोकळ वाजतो, आणि पोपडा काढला तर त्याच्या पाठीला चिकटून दरजांतली मातीही भुगा होऊन येते. गिलावा भिंतीपेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज त्याची होते, भिंतीची नाही. जुन्या गवंड्यांच्या कामाचा हा पाया होता.

उष्णतेचे गणितही भिंतीच्याच बाजूचे आहे. पाबळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात १५ अंशांहून अधिक फरक सहज पडतो. दीड फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची धग आत पोचायला १० ते १२ तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडता येतात. उलट, छपराच्या नुसत्या पत्र्यातून दर चौरस फुटाला अशा भिंतीच्या सुमारे चौपट उष्णता आत येते, शिवाय भर दुपारचे ऊन थेट त्यावरच पडते. म्हणून आधी पत्र्याखाली हवा खेळती ठेवून छत करावे, वरून चुन्याची सफेदी द्यावी. भिंतींपैकी फक्त पश्चिमेच्या भिंतीला जास्तीचे आवरण उपयोगी पडते, आणि तेही बाहेरून : चुन्यात भुसा किंवा तूस मिसळलेला जाड थर. आतून थर्माकोल लावला तर भिंतीची गारवा साठवण्याची शक्ती खोलीला मिळत नाही आणि ओल मागे कोंडते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे गेली. मग सिमेंट नको कसे? पण तिथे दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड आणि आडवे पट्टे नव्हते, डोक्यावर मातीच्या माळवदाचा भार होता. नुसत्या गिलाव्याने ही उणीव भरत नाही. आरपार बांध आणि पट्टे घालावेत; अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ आहे. सिमेंटशी वैर नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचे ‘पाबळ डोम’ लोखंडी सांगाड्यावर जाळी आणि सिमेंटचे पातळ कवच चढवून उभे राहतात, आणि तिथे सिमेंट आपल्या जागी आहे.

दुसरा आक्षेप, चुना वेळखाऊ आणि गवंडी मिळत नाहीत. हे खरे आहे. विरी गेलेला चुना काही आठवडे मुरवावा लागतो. एक भाग चुना आणि दोन-तीन भाग वाळू किंवा सुरखी नीट मळावी लागते. थर पातळ द्यावे लागतात आणि ओल्या गोणपाटाखाली हळूहळू वाळवावे लागतात. पण सिमेंटचा गिलावा दर काही वर्षांनी सुटतो आणि दर वेळी भिंतीची माती घेऊन जातो, तेव्हा वाचलेला वेळ हिशेबात उरत नाही.

जुना सिमेंट थर दिवाळीनंतर उतरवावा, दरजा खरवडून चुन्याने भराव्यात, जोत्याभोवतीचे पाणी काढून द्यावे, आणि भिंत पुरती सुकल्यावरच नवा गिलावा धरावा. एप्रिल-मेच्या उन्हात चुन्याचे काम करू नये. पाणी लवकर उडून तो तडकतो.