तळटीप : हंटरवाली नादिया

३. या प्रकरणात आलेली ‘नादिया’ म्हणजे मेरी अ‍ॅन इव्हान्स (१९०८–१९९६). जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थचा. लहानपणीच हिंदुस्थानात आली. आधी नाचाचा ताफा आणि सर्कस, मग मुंबईची वाडिया मूव्हिटोन. ‘हंटरवाली’ (१९३५) या बोलपटाने तिचे नाव सर्वतोमुखी झाले. घोडदौड, तलवारबाजी, ‘मिस फ्रंटियर मेल’मधील (१९३६) धावत्या आगगाडीच्या टपावरची मारामारी, ही जोखमीची कामे ती स्वतःच करी. बाईने जुलमी पुरुषांना पडद्यावर चाबकाने फोडून काढावे, हे त्या काळी अपूर्वच. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. दिग्दर्शक होमी वाडिया यांच्याशी १९६१मध्ये विवाह. आपल्या चित्रपट-इतिहासकारांनी तिची दखल याहून ठळकपणे घ्यायला हवी होती. — संपादक