ट्रान्झिस्टरच्या पट्टीवरची हिंदुस्तानी

आम्ही उर्दू माध्यमाचे काही शिक्षक लघुलहरींचे (शॉर्टवेव्ह) जुने ट्रान्झिस्टर जमवतो. मोबाइलच्या जमान्यात हे भंगार कशाला, असे लोक विचारतात. आमचे म्हणणे असे की, इतिहास फक्त कागदावर नसतो. कागदावर उतरताना भाषेला लिपी निवडावी लागते. एका लिपीत ती उर्दू ठरते, दुसरीत हिंदी. मोहल्ल्यात आणि बाजारात बोलली जाणारी साधी हिंदुस्तानी मात्र हवेतून घराघरांत पोहोचली. तिच्या प्रवासाचा पुरावा म्हणून आम्ही या डब्यांकडे पाहतो.

बीबीसीने ११ मे १९४० रोजी हिंदुस्तानी सेवा सुरू केली. फाळणीनंतर, १९४९ मध्ये, तिथे उर्दूची सेवा वेगळी झाली. मुलखाबरोबर जबानीचीही वाटणी झाली. इकडे १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांचा ओढा शास्त्रीय संगीताकडे होता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. साहिर, मजरूह, शकील यांची शायरी लोकांपर्यंत नेणारा मोठा रस्ताच बंद झाला.

तो रस्ता कोलंबोहून उघडला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेले लघुलहरी केंद्र युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. निवेदक होते अमीन सयानी. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक काढत. त्याची बोली एकच, सोपी हिंदुस्तानी. लिपी मात्र तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. त्या कामात हातभार लावलेल्या मुलाने हीच बोली पुढे माइकवर आणली. तिथे लिपीचा प्रश्नच उरला नाही. आकाशवाणीलाही अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. तीही सुरुवातीला मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरी केंद्रांवरूनच ऐकू येई.

तोवर घरातला रेडिओ व्हॉल्व्हचा होता. त्याला वीज लागे, आणि तो दिवाणखान्यात वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असे. बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागलेल्या ट्रान्झिस्टरच्या शोधाने हे चित्र बदलले. १९५४ चा अमेरिकन ‘रिजन्सी टीआर-१’ फक्त मध्यलहरींचा होता. १९५७ मध्ये झेनिथचा ‘ट्रान्स-ओशनिक रॉयल १०००’ लघुलहरी घेऊन आला. मध्यलहरी दिवसा फार दूर जात नाहीत. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन समुद्र ओलांडतात. बॅटरीच्या सेलवर चालणारा संच वीज नसलेल्या खेड्यात, शेतात, शिवणाच्या मशीनजवळ पोहोचला. पुढे कोकणातले आपले लोक आखातात गेले आणि सुट्टीवर येताना जपानी ट्रान्झिस्टर घेऊन आले. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा खरी बातमी कळावी म्हणून अनेकांनी याच पट्टीवर लंडन लावले.

असा संच चोरबाजारात किंवा भंगारवाल्याकडे मिळाला, तर लगेच सेल घालू नयेत. आधी सेलचा कप्पा पाहावा. गळलेल्या सेलने पत्र्या खाल्लेल्या असतात. जुन्या जर्मेनियम संचांत बहुधा बॅटरीचे धन टोक अर्थिंगला जोडलेले असते; उलट जोडणी झाली तर ट्रान्झिस्टर जळू शकतात. ‘एएफ-११७’ जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये आतल्या आत कथलाचे बारीक केस वाढतात आणि शॉर्ट होते. म्हणून संच मुका असला तरी तो मेलाच असे समजू नये. आणि चकाकीसाठी काट्यामागची पट्टी कधीही घासू नये. २५, ३१, ४१ मीटर हे आकडे पुसले, तर पुराव्याचे अक्षरच पुसले जाते. एकेकाळी रेडिओला टपाल खात्याचा परवाना लागे. ते पुस्तक मिळाले तर संचाबरोबर जपावे. कोणत्या घरात, कोणत्या साली रेडिओ आला, हे त्यावरून कळते.

३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसीचे लघुलहरींवरचे हिंदी प्रसारण बंद झाले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानीही गेले. डबे मिळतील, त्यांतले आवाज मात्र एकेक करून थांबत आहेत. ते ऐकलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. आजोबांचा ट्रान्झिस्टर भंगारात देण्याआधी त्यांना विचारा : रात्री कोणते स्टेशन लावत होता, शेजारचे कोण ऐकायला येत होते, फर्माईशीचे कार्ड कोणत्या लिपीत लिहीत होता? उत्तरे उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहून ठेवा. आमच्या वर्गातली मुले अलीफ-बे शिकतात, शेजारच्या शाळेतली अ-आ. या दोघांच्या घरांत एकेकाळी एकच आवाज घुमत होता, हे त्यांना दाखवायला आमच्याजवळ याहून साधा पुरावा नाही.