कांचेच्या पेटींतील समुद्र

पोवळें हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. नवरत्नांच्या अंगठींत मंगळाचें रत्न म्हणून तें असतें, वैद्यांच्या कपाटांत प्रवाळभस्म म्हणून असतें, आणि सराफाच्या पेढीवर तें आजहि मागितलें जातें. परंतु जें आपण बोटांत घालतों तो एका प्राण्याचा सांगाडा आहे, आणि तो प्राणी जिवंत असतांना कसा दिसतो, काय खातो, हें प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य विरळाच. प्रवाळांचा असा जिवंत संसार समुद्रापासून दूर, बैठकीच्या खोलींत, कांचेच्या पेटींत कसा नांदूं लागला याची हकीकत आज सांगावयाची आहे. हींत राजे नाहींत, लढाया नाहींत. तरी हा प्रश्न सुटावयास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. आणि समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीवर, गोदावरीच्या गोड्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या नाशकांत जो कोणी अशी पेटी मांडूं पाहतो, त्याला ती सगळी हकीकत आपल्या घरीं पुन्हा एकदां भोगावी लागते.

आरंभ दोन स्त्रियांपासून झाला, हें मला विशेष वाटतें. पहिली जान विलप्रे-पॉवर. ही मूळची फ्रान्समधील, पॅरिसमध्यें शिवणकाम करणारी. विवाहानंतर सिसिली बेटांत मेसिना येथें राहावयास गेली. अर्गोनॉट नांवाचा आठ हातांचा प्राणी आपला शिंपला स्वतः घडवितो कीं दुसऱ्याचा बळकावतो, असा त्या वेळीं विद्वानांत वाद होता. या बाईनें १८३२ सालीं कांचेच्या पेट्या करविल्या, त्यांत तो प्राणी ठेवला, आणि तो शिंपला स्वतःच घडवितो हें डोळ्यांनीं पाहून वाद मिटविला. दुसरी लंडनची ॲना थिन. हिनें १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावर कांहीं जिवंत प्रवाळ पाहिले. ते प्रवासांत गडगडूं नयेत म्हणून सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजाला शिवून टाकले आणि दगडी बरणींतून लंडनला आणले. समुद्राचें पाणी संपत आलें तेव्हां घरची मोलकरीण रोज अर्धापाऊण तास उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत धारेनें ओतीत असे. आपल्याकडे ऊन दूध निववितात, तोच प्रकार! पाण्यांत हवा मिसळावी एवढाच त्यांतील हेतु होता, आणि आजच्या पेटींतील विजेचा पंप याहून निराळें कांहीं करीत नाहीं. पुढच्या वर्षीं या बाईनें समुद्रांतील वनस्पति आणून त्या पाण्यांत ठेवल्या. तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षें जगले. मोलकरणीचें नांव मात्र इतिहासानें ठेवलें नाहीं. तें ठेवावयास हवें होतें.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं असें मांडलें कीं, मासे जो वायु सोडतात तो वनस्पति घेतात, वनस्पति जो सोडतात तो मासे घेतात, आणि कुजलेलें साफ करावयास गोगलगाईसारखा एखादा प्राणी ठेवला म्हणजे पाणी न बदलतां पेटी चालते. मग १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें घर उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यानें आपला ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ लिहिला. ॲक्वेरियम हा शब्द आज जो सर्वतोमुखीं झाला आहे, तो या ग्रंथामुळें. पुढें इंग्लंडांत या छंदाची इतकी लाट आली कीं, सुट्टीच्या दिवशीं माणसें बादल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरत. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनांत खडकांमधील तीं रम्य डबकीं कशीं ओरबाडलीं गेलीं हें दुःखानें लिहून ठेवलें आहे. वडिलांनीं ज्या सौंदर्याची वाट लोकांना दाखविली, त्याचा नाश लोकांनीं त्याच वाटेनें जाऊन केला. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. हिचें काम पुढें पडणार आहे.

समुद्राकांठीं राहणाऱ्याचें ठीक. पण दूरच्याने पाणी आणावें कोठून? गॉसनेंच त्याची कृति दिली. गॅलनाला थोडें कमी इतक्या पाण्यांत साधें मीठ साडेतीन औंस, एप्सम क्षार पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराईड २०० ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराईड ४० ग्रेन. चुन्याचे क्षार समुद्रांत फार थोडे, म्हणून त्यानें ते सोडून दिले. माशांचें त्यावांचून अडलें नसेल. परंतु ज्याचें घरच चुन्याचें, त्या प्रवाळाला हें पाणी म्हणजे विटांवांचून भिंत बांधावयास सांगण्यासारखें झालें. पुढें ‘चॅलेंजर’ नांवाच्या जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत पृथ्वीवरील समुद्र पालथे घातले. त्यानें आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यानें तपासले आणि १८८४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्र कोठलाहि असो, खारटपणा कमीजास्त असेल, पण त्यांतील क्षारांचें एकमेकांशीं प्रमाण जवळजवळ तेंच असतें, हें त्यावरून पक्कें झालें. लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार. त्यांत सोडियम आणि क्लोराईड मिळून साधारण पंच्याऐंशीं टक्के, आणि उरलेल्यांत मॅग्नेशियम, गंधकाचे क्षार, चुना, पोटॅशियम इत्यादि. पुढें शंभर वर्षांच्या आंत पुड्यांतून विकली जाणारी समुद्राची भुकटी निघाली, ती याच ज्ञानावर.

येथें एक शंका नेहमीं विचारली जाते. उरणच्या मिठागरांतलें मीठ समुद्राचेंच ना? मग तें नळाच्या पाण्यांत कालविलें कीं झालें! असें होत नाहीं. मिठागरांत पाणी आटूं लागलें म्हणजे चुन्याचा क्षार आधीं तळाशीं बसतो, मग खाण्याचें मीठ दाणे धरतें, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यांत राहतात. मीठ गोळा करणारा त्या पाण्याला हात लावीत नाहीं. तेव्हां ताटांतलें मीठ हा समुद्राचा एक भाग आहे, समुद्र नव्हे.

हिंदुस्थानांत पहिलें सागरी मत्स्यालय १९०९ सालीं मद्रासच्या किनाऱ्यावर उघडलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, जपानी हल्ल्याच्या भीतीनें तें बंद करण्यांत आलें. आपल्या मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभें राहिलें. खर्च सुमारें आठ लाख, त्यांतले दोन लाख एका पारशी दात्यानें दिलेले, आणि उद्‌घाटन १९५१ च्या मे महिन्यांत राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें. उन्हाळ्याच्या सुटींत मुंबईच्या आप्तांकडे गेलेल्या नाशिककर मुलांना राणीच्या बागेइतकेंच याचेंहि आकर्षण असे. २०१५ सालीं तें नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलें. २०२० सालीं साथीच्या दिवसांत त्याचीं दारें लागलीं. परंतु तेथें समुद्र हाकेच्या अंतरावर होता. खरा प्रश्न लहान पेटीचा, आणि तो ज्यांनीं सोडविला ते कामकरी डोळ्यांना दिसतहि नाहींत.

मासा जें टाकतो त्यापासून अमोनिया होतो, आणि थोडा अमोनियाहि माशाला विष आहे. वॉरिंग्टनच्या हिशेबांत हा नव्हता. फ्रान्समध्यें श्लेझिंग आणि म्यून्ट्स यांनीं १८७७ सालीं सांडपाणी वाळूंतून सावकाश झिरपविलें. कांहीं दिवसांनीं अमोनियाचें नायट्रेट होऊं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें थांबलें. म्हणजे हें काम वाळूचें नव्हे, वाळूंतील जिवंत जंतूंचें! विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० सालीं ते जंतु निराळे करून दाखविले. एक जात अमोनियाचें नायट्राईट करते, दुसरी नायट्राईटचें नायट्रेट. आज नव्या पेटींत मासा सोडण्यापूर्वीं चार ते सहा आठवडे नुसतें पाणी फिरवीत ठेवावयास सांगतात आणि अमोनियाचा थोडासा अंश त्यांत घालतात, तें या जंतूंची वसाहत बसावी म्हणून. घाईनें मासे मरतात ते बहुधा याच आठवड्यांत, आणि दोष मात्र दुकानदाराला लागतो.

दुसरें पाऊल पूर्वेकडे पडलें. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली रीति कळविली. यंत्रांचा पसारा नाहीं. समुद्रांतला सच्छिद्र, जिवंत खडक, थोडे हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढ्यावर त्यांचे प्रवाळ आणि मासे चांगले राहत. खडकाच्या बाहेरच्या अंगाला अमोनिया पचविणारे जंतु, आणि आंत जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें नायट्रेटहि फोडून निरुपद्रवी नत्रवायु करणारे दुसरे, असा तो खडक म्हणजे एक मोहल्लाच असतो. पुढें बर्लिनमधील छांदिष्टांनीं त्याला फेसावाटे मळ काढणाऱ्या स्किमर यंत्राची आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. दिवा प्रवाळाला कशाला? तर खडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें उजेडांत साखर तयार करतें आणि यजमानाला देतें. ॲना थिनचे इंग्लिश प्रवाळ थंड पाण्यांतले, असें शैवाल न पाळणारे होते, म्हणून लंडनच्या अंधुक उजेडांतहि ते तगले. आणि चुना! लिटरमागें सुमारें ४०० मिलिग्रॅम, हें प्रमाण टिकवावयास तो रोजच्या रोज भरावा लागतो. गॉसनें जें सोडलें होतें तेंच शेवटीं मुख्य ठरलें.

आतां किनाऱ्यावरच्या त्या छिन्न्यांकडे वळूं. आपल्याकडे मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जिवंत प्रवाळ आहेत. तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आंत समुद्रांत आंग्र्यांच्या नांवानें ओळखला जाणारा आंग्रिया उथळा आहे, तोहि प्रवाळांचाच. २००१ सालीं सरकारनें खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळें पोवळें, समुद्रपंखे इत्यादि वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत घातले. म्हणजे वाघाला जें संरक्षण, तेंच यांना. ते तोडणें, विकणें, घरीं बाळगणें, सर्व गुन्हा. कांहीं हौशी मंडळी या कायद्यावर कुरकुरतात. मला तो योग्य वाटतो. इंग्लंडच्या किनाऱ्याला असा कायदा वेळेवर मिळाला नाहीं.

मग नाशिककरानें पेटींत ठेवावें तरी काय? चुनखडीचा कोरडा, सच्छिद्र दगड ठेवावा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण चुनखडीचा नव्हे आणि गोदेची वाळूहि त्याच पाषाणाची, तेव्हां दोन्हींचा येथें उपयोग नाहीं. जंतु आले कीं कोरडा दगडहि कांहीं महिन्यांत नांदता होतो. मासा म्हणाल तर केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा घ्यावा. केरळांत विळिंजमच्या सरकारी संशोधन केंद्रांत त्याची पैदास साधली आहे, आणि आपल्या राज्यांत ऐरोलीच्या खाडीकांठींहि ती झाली आहे. पैदाशीचाच मासा मागावा, समुद्रांतून धरलेला नव्हे. नरम प्रवाळ म्हणून जे विकावयास ठेवतात, ते कोठून आले याचा कागद दुकानदाराकडे मागावा आणि शंका असल्यास वन खात्याकडे चौकशी करावी. कागद नसेल तर परत फिरावें. पेटी शंभर लिटरांहून लहान घेऊं नये. पाणी जितकें थोडें तितकी त्याची प्रकृति लवकर बिघडते. पाणी आर. ओ. यंत्रांतून काढलेलें, त्यांत पुड्याचा क्षार घालून विशिष्टगुरुत्व १.०२५ च्या आसपास, उष्णता २४ ते २७ अंश.

ही उष्णता मात्र नाशकांत सांभाळणें सोपें नाहीं. पौषांत निफाडकडे पारा चार-पांच अंशांवर उतरतो तेव्हां हीटर लागतो. वैशाखांत पंखा किंवा थंड करणारें यंत्र. वीज गेली तर पंप थांबतो आणि प्राणवायु सरूं लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरांत असावा. उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यानें पाणी भराभर आटतें. परंतु आटतें तें पाणी, क्षार मागेंच राहतो. म्हणून कांचेवर एक रेघ ओढून ठेवावी आणि पातळी तिच्याखालीं गेली कीं रोज सकाळीं गोडें पाणीच घालावें, खारें नव्हे.