दोलायमान विलंब : ध्वनियंत्रांतील काही दोषांची पूर्वपीठिका

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील वाशीम स्थानकातून एखादी गाडी न थांबता, ताशी ७२ किलोमीटर वेगाने शिटी देत गेली, तर फलाटावरील श्रोत्यास ती शिटी गाडी समोरून पुढे जाताच जवळजवळ एका पूर्ण स्वराने उतरलेली ऐकू येते. शुद्ध रिषभावरून षड्जावर यावे तशी. एंजिनातील शिटी तर तीच असते. बदलते ते अंतर, आणि अंतराबरोबर ध्वनीला कानापर्यंत पोचण्यास लागणारा विलंब. ख्रिस्तियान डॉप्लर याने १८४२ मध्ये या घटनेचे तत्त्व मांडले व १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने आगगाडीत वादक बसवून त्याचा पडताळा घेतला. स्वराचा चढउतार विलंब किती आहे यावर अवलंबून नसून तो किती वेगाने बदलतो यावर अवलंबून असतो, हे या तत्त्वाचे मर्म होय. पुढील सर्व विवेचनास तेच आधारभूत आहे.

भारतीय चित्रपटसंगीतात या तत्त्वाशी निकटचा असा एक प्रसंग सर्वश्रुत आहे. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या आरंभीच्या भागासाठी लता मंगेशकर दालनाच्या दूरच्या टोकापासून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत आल्या. सहा मीटरांचे अंतर धरल्यास विलंब सुमारे साडेसतरा सहस्रांश सेकंदांवरून शून्याकडे येतो. सेकंदास एक मीटर या चालीने स्वर चढतो तो मात्र अवघा पाच सेंट, म्हणजे २२ सेंटांच्या प्रमाणश्रुतीच्या चतुर्थांशाहूनही थोडा कमी. तेव्हा त्या गीतातील दूरत्वाचा भास स्वरभेदातून उत्पन्न झालेला नाही. दालनातील प्रतिध्वनी व प्रत्यक्ष आवाज यांचे प्रमाण पालटत गेल्याने तो झाला, असेच मानावे लागते.

जे काम तेथे पावलांनी झाले ते पुढे यंत्रांकडे गेले. १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहातील केन टाउनसेंड यांनी दुसऱ्या फीतयंत्राचा वेग आंदोलकाने कमीअधिक करून एकाच आवाजाची दुहेरी छाया निर्माण केली. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या सांगस्टर व टेअर यांनी विद्युत्भार एका धारित्रातून दुसऱ्यात, बादल्यांच्या रांगेप्रमाणे, पुढे ढकलणारे परिपथ मांडले. अशा १०२४ पायऱ्यांच्या परिपथात घड्याळाची गती दहा हजारांवरून एक लाखापर्यंत नेली की विलंब ५१·२ वरून ५·१२ सहस्रांश सेकंदांवर येतो.

या दोन्ही साधनांत एक गुण अनायासे होता, आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही. फीतयंत्राच्या जड चाकाला जडत्व असते. वेग बदलण्याची आज्ञा कितीही आकस्मिक असली तरी चाक ती सावकाशच पाळते. बादल्यांच्या रांगेतही घड्याळाची गती एकाएकी पालटली तरी भरलेल्या बादल्या क्रमानेच बाहेर येतात. मधली एकही गळत नाही. दोन्हीकडे स्वर घसरतो, पण तुटत नाही.

बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ पासून संगणकावर ध्वनिनिर्मिती आरंभिली. छोटी छोटी ध्वनि-घटके एकमेकांस जोडावयाची, ही त्यांची कल्पना मिलर पकेट यांच्या ‘मॅक्स’ (हे नाव मॅथ्यूज यांच्यावरूनच दिलेले आहे) व नंतरच्या ‘प्युअर डेटा’ या नोड-जुळणीच्या प्रणालींत पडद्यावर चित्ररूपाने उतरली. येथे विलंब म्हणजे स्मृतीत लिहिलेल्या नमुन्यांची रांग, आणि किती मागे जाऊन वाचावयाचे तो आकडा. आकड्याला जडत्व नाही. तो एकाएकी बदलला की वाचनबिंदू उडी घेतो, तरंग मध्येच तुटतो आणि कानास टक्‌ असा आवाज येतो. विद्यार्थी बहुधा ध्वनिवर्धकास किंवा तारेस दोष देतात. वस्तुतः हरवले आहे ते फीतयंत्राचे चाक. आकडा थेट न देता काही सहस्रांश सेकंदांच्या चढणीवरून नेला की ते चाक परत मिळते.

याच जातीचा दुसरा दोष खरखरीचा. ‘प्युअर डेटा’त संदेश प्रत्येक नमुन्यास पोचत नाहीत, गणना ६४ नमुन्यांच्या गटाने चालते, म्हणजे ४४,१०० नमुन्यांच्या गतीस सेकंदाला सुमारे ६८९ वेळा. विलंबाचे आंदोलन संदेशांनी चालविल्यास वक्ररेषेऐवजी जिना तयार होतो. ते ध्वनिसंकेतानेच चालविले पाहिजे, आणि वाचणारा नोड दोन नमुन्यांमधील मूल्य अंतर्वेशनाने काढणारा हवा.

आंदोलकाचे मूल्य उणे एक ते अधिक एक असते, हेही विसरले जाते. त्यात मध्यविलंब मिळविला नाही तर अर्धे आवर्तन ऋण विलंब मागते. जो ध्वनी अद्याप झालेलाच नाही तो वाचता येत नाही, म्हणून तेवढा काळ परिणाम गोठून राहतो. आंदोलनाची व्याप्तीही मोजूनच घ्यावी. मध्यापासून पाच सहस्रांश सेकंद व सेकंदास एक आवर्तन एवढ्यानेच स्वर दोन्ही बाजूंस पन्नासहून अधिक सेंट ढळतो. गिटारीस ते शोभेल. तंबोऱ्यावर लावलेल्या ख्यालगायनात मात्र श्रुतीच नाहीशी होते, आणि दोष गायकाच्या माथी बसतो.

सर्वांत फसवा दोष पुनर्भरणाचा. बाहेर आलेला ध्वनी पुन्हा आत सोडताना गुणक एकाहून कमी हवा, अन्यथा गर्जना अनावर वाढते. एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु गुणक योग्य असूनही, विलंब सुमारे दीड सहस्रांश सेकंदाखाली नेताच परिणाम पुढे सरकेनासा होतो. कारण वर्तुळाकार जुळणीत एका गटाची गणना पुरी झाल्यावाचून तिचे फळ परत वाचता येत नाही, आणि ६४ नमुन्यांचा तो गट म्हणजे १·४५ सहस्रांश सेकंद. तेवढा भाग वेगळ्या उपजुळणीत ठेवून तेथे गट एका नमुन्याचा केला तर अडथळा दूर होतो. गणनेचा भार मात्र तेवढ्या भागापुरता अनेक पटींनी वाढतो, म्हणून ती उपजुळणी होईल तितकी लहान ठेवावी लागते.